एप्रिलपर्यंत सांगायचं नव्हतं

मार्था,

तुला पुरलं त्या दिवशी इथे आखातात आपल्या बास्केटबॉल संघाची घरची मॅच होती. दोघींची तिकिटं माझ्या फोनमध्ये होती, शेजारशेजारच्या खुर्च्यांची. मी गेले नाही. आणि तुझ्या गावी, वसईलाही आले नाही.

तुझ्या लेकीचा, शेरीलचा मेसेज सकाळी उठल्या उठल्या पाहिला. "फ्युनरल ॲट फोर, आंटी." एवढाच. धावपळ केली असती तर पोचले असते. मी विमानाची साइट उघडली, नाव भरलं, पासपोर्टचा नंबर भरला आणि तिथे हात थांबला. थोड्या वेळाने स्क्रीनवर आलं, वेळ संपली, पुन्हा सुरुवात करा. मी केली नाही. ऑफिसात आणि बिल्डिंगमध्ये ज्यांनी विचारलं त्यांना सांगितलं, रजा मिळाली नाही. तुला खोटं कशाला सांगू? तुझ्यासमोर यायची हिंमत झाली नाही. तुझे डोळे मिटलेले असणार हे माहीत असूनही.

कुणीतरी चर्चमध्ये फोन धरून व्हिडिओवर मिस्सा दाखवत होतं. मला दिसल्या त्या फक्त माणसांच्या पाठी. एकदा शेरीलचा खांदा दिसला. फादर काय म्हणाले ते पंख्याच्या आवाजात कळलं नाही. मी आपल्या इंटरनॅशनल सिटीतल्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होते. बसावं असं वाटत नव्हतं. तू तिथे असताना मी कशी बसणार, असं काहीतरी डोक्यात होतं. मग फोन धरणाऱ्याची बॅटरी संपली आणि ते सगळं मध्येच बंद झालं.

तू कुठे जन्मलीस, कुठे शिकलीस, किती वर्षं हॉटेलात हाउसकीपिंग सांभाळलंस हे कुणीतरी लिहील. मला तुझ्याशी बोलायचं आहे. जानेवारीपासून आपण बोललेलो नाही.

आपण पहिल्यांदा भेटलो ते एकमेकींच्या अंगावर आदळून. कोल्हापूरला, राज्य स्पर्धेत. मी नागपूरकडून, तू तुमच्या जिल्ह्याकडून. तू बॉल घेऊन सुसाट आलीस, मी बास्केटखाली पाय रोवून उभी, आणि पुढच्या क्षणी दोघी सिमेंटच्या कोर्टवर आडव्या. मी एका जागी थांबलेली असेन तर फाउल तुझा, माझा पाय हलला असेल तर माझा. रेफरीने तुझ्यावर दिला. तो तुझा पाचवा होता, म्हणून नियमाप्रमाणे तू बाहेर गेलीस आणि आम्ही जिंकलो.

त्यानंतर सोळा वर्षांनी, इथे आखातात, देऱ्यातल्या एका जुन्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये मी फायली घेऊन उभी होते. दुसऱ्या मजल्यावर तू आत आलीस, हॉटेलच्या युनिफॉर्ममध्ये, हातात व्हिसाचे कागद. माझ्याकडे मान वर करून बघितलंस. नाव विचारलं नाहीस, कशी आहेस विचारलं नाहीस.

"तुझा पाय हलला होता," म्हणालीस.

मला दोन मजले लागले कळायला. कळलं तेव्हा मी म्हणाले, "काहून हलेल? गाडल्यासारखी उभी होते मी." आणि तू त्या 'काहून'वर जी हसायला लागलीस, लिफ्टमधला पाकिस्तानी माणूस दचकून कोपऱ्यात सरकला. पुढची वीस-एक वर्षं आपण तो एक पाय हलवत राहिलो. तुझ्या नवऱ्याच्या वर्षश्राद्धाच्या मिस्सेनंतर, चर्चच्या पार्किंगमध्ये, काळे कपडे घालून तू मला उभं करून दाखवत होतीस की मी कशी उभी होते. शेरील लाजून गाडीत जाऊन बसली होती.

ती कॅनडाला गेली आणि आपण एकत्र राहायला लागलो. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर. तुझ्या सुक्या बोंबलांना माझी हरकत, माझ्या सावजी मसाल्याला तुझी. आईशी फोनवर तू तुमच्या गावच्या बोलीत बोलायचीस आणि मला एक अक्षर कळायचं नाही. फोन ठेवला की सांगायचीस, "तुझ्याबद्दलच बोलत होते." खरं होतं का ते? मी कधी विचारलं नाही.

आपल्या या इथल्या शहराचा संघ युरोपच्या लीगमध्ये खेळणार ही बातमी मी तुला दिली. तू इस्त्री करत होतीस. तिथल्या क्लबांची सगळ्यात वरची लीग, अमेरिका सोडली तर याहून मोठं बास्केटबॉल जगात नाही. पोरसवदा वयात आपण ज्यांचे खेळ कुणाच्या तरी घरच्या घासलेल्या कॅसेटवर बघितले, ते बेलग्रेड, अथेन्स, इस्तंबूलचे संघ आता मेट्रोने जाऊन बघता येणार होते. तू इस्त्री उभी केलीस. "खोटं," म्हणालीस. मी फोन दाखवला. तू पूर्ण बातमी वाचलीस, मग पुन्हा वाचलीस, आणि म्हणालीस, "वैशे, आपण सगळ्या बघायच्या. एकही सोडायची नाही. सप्टेंबर ते एप्रिल."

"सगळ्या? दर आठवड्याला ऑफिस करून?"

"मग काय करतेस तू दर आठवड्याला? सांग ना."

शिफ्टच्या वेळा तू सहा महिने आधीच बदलून घेतल्यास. हॉटेलचा मॅनेजर इजिप्तचा होता, त्याला तू काय सांगितलंस देव जाणे, पण तो तुला बघितलं की विचारायचा, "सिस्टर मार्था, टुडे वी विन?" आणि तू म्हणायचीस, "इन्शाल्ला, हबीबी, पण डिफेन्स नाही आपल्याकडे."

आपल्या खुर्च्या सगळ्यात वर, बास्केटच्या मागे. मला बाजूच्या हव्या होत्या. तू ऐकलं नाहीस. टीव्हीवर बॉल दिसतो, इथून खेळ दिसतो, म्हणालीस. आणि खरंच दिसायचा. पाच माणसं कशी पसरतात, कोण कुणासाठी आडवं उभं राहतं, कुणाला मदत करायला कोण आपला माणूस सोडून धावतं. तू बोलत राहायचीस, अर्धं माझ्याशी, अर्धं खाली त्यांच्याशी. "अरे डावीकडे, डावीकडे मोकळा आहे तो!" अमेरिकेहून आलेल्या त्या सहा फुटी पॉइंट गार्डला तू मराठीत झापायचीस.

बेलग्रेडचा संघ आला त्या दिवशी आख्खं स्टेडियम त्यांचंच होतं. इथल्या हॉटेलांत, सलूनमध्ये, बांधकाम कंपन्यांत काम करणारे सगळे सर्बियन त्या दिवशी एका छताखाली आलेले, उभे राहून गात होते. आपल्या घरात आपण पाहुणे. मला राग आला होता. तू मात्र त्यांच्याकडे टक लावून बघत होतीस. "बघ," म्हणालीस, "यांनाही कुणीतरी घरून येऊन भेटलं." मॅच आपण हरलो. परतताना मेट्रोत एक सर्बियन बाई आपल्या शेजारी उभी होती, रडून डोळे सुजलेले. तू तिला पर्समधली लिमलेटची गोळी दिलीस.

तेव्हा तुझं पोट दुखायला लागलं होतं. मी म्हणाले ॲसिडिटी. जिरं-ओव्याचं पाणी करून दिलं. तूही म्हणालीस ॲसिडिटी. स्कर्ट सैल होत गेला तेव्हा तू खूश झालीस, "बघ, पायऱ्या चढून चढून कमी झाले." मी म्हणाले, मला पण चढायला हव्यात. हे मला रोज आठवतं. मी तुझं कौतुक केलं होतं.

नोव्हेंबरमध्ये डोळे पिवळे दिसायला लागले. हॉस्पिटलमध्ये तपासण्या झाल्या, आणि केरळची ती डॉक्टर, तुझ्याच वयाची असेल, तिने खुर्ची टेबलाच्या या बाजूला ओढून घेतली. तेव्हाच मला कळलं. पॅनक्रियास, म्हणाली. लिव्हरपर्यंत गेलंय. ऑपरेशन नाही होणार. कावीळ उतरावी म्हणून एक नळी घालता येईल. केमो दिली तर काही महिने वाढतील, नाही दिली तर कमी, नक्की कुणीच सांगू शकत नाही.

बाहेर येऊन आपण पाण्याच्या कूलरपाशी उभ्या राहिलो. तू विचारलंस, "पॅनक्रियासला मराठीत काय म्हणतात गं?"

"स्वादुपिंड."

"हं," म्हणालीस. कागदी पेल्यातलं पाणी संपवलंस. "शेरीलला सांगायचं नाही."

"मार्था..."

"एप्रिलपर्यंत नाही. सीझन संपू दे. मग मी स्वतः वसईला जाईन, तिला तिथे बोलावेन, समोर बसवून सांगेन. तोवर मला कामावर जायचंय आणि मॅच बघायच्यात. आजारी माणसासारखं राहायचं नाही मला. शपथ घे."

मी शपथ घेतली. तू माझा हात तुझ्या गळ्यातल्या क्रूसावर ठेवलास. मी हिंदू आहे म्हटलं तर म्हणालीस, तो चालवून घेईल.

नळी घातल्यावर कावीळ उतरली. तू हॉटेलात सांगितलंस की पित्ताशयाचा त्रास आहे, आणि कामावर जाऊ लागलीस. आणि मग ते सहा-सात आठवडे. मार्था, ते मला कुणाला सांगता येणार नाहीत. सांगायला गेले तर लोक म्हणतील, मरणाऱ्या बाईला घेऊन ही खेळ बघायला जात होती. पण तू त्या दिवसांत जितकी होतीस तितकी मी तुला कधीच पाहिली नव्हती. अथेन्सचा संघ आला तो दिवस आठव. शेजारी तो ग्रीक म्हातारा बसला होता, शारजात जहाजांचे सुटे भाग विकणारा. पहिल्या हाफनंतर तू उठलीस आणि बराच वेळ आली नाहीस. मी वॉशरूममध्ये गेले तर तू बेसिनला धरून उभी, तोंड धुतलेलं, ओठ पांढरे.

"घरी जाऊ," मी म्हणाले.

"तिसरा क्वार्टर सुरू झाला का?"

"मार्था, यल्ला, चल, टॅक्सी बोलावते."

"सुरू झाला का ते सांग."

आपण परत वर गेलो. प्रत्येक दहा पायऱ्यांनंतर थांबत. म्हाताऱ्याने काही न विचारता आपली बाटली पुढे केली, त्यात लिंबू पिळलेला चहा होता. शेवटच्या मिनिटाला आपल्या पोरांनी बॉल चोरला आणि जिंकलो, आणि तू उडी मारलीस. खरोखरची उडी, दोन्ही पाय जमिनीवरून सुटलेले. म्हाताऱ्याचा संघ हरला होता तरी त्याने तुझा हात हातात घेतला आणि त्याच्या भाषेत काहीतरी म्हणाला. तू मराठीत म्हणालीस, "तुमचेही चांगले खेळले हो, आजोबा." परतताना टॅक्सीत माझ्या खांद्यावर डोकं ठेवलंस. ड्रायव्हर पेशावरचा होता, आरशात बघून त्याने विचारलं, "बाजी की तबीयत ठीक है?" तू डोळे न उघडता म्हणालीस, "एकदम फर्स्ट क्लास, भाईसाब."

त्या दिवसासाठी मी तुझी आभारी आहे. हे मी तुला तेव्हा सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी घरी आल्यावर केमोचा विषय काढला.

रोज काढत होते. मी वाचत होते, लोकांना विचारत होते, मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये काम करणाऱ्या माझ्या मामेभावाला तुझे रिपोर्ट पाठवले होते, तुला न विचारता. तू नाही म्हणत होतीस. तुझ्या नवऱ्याचं सगळं तू बघितलं होतंस, ते बेसिन, ते गळलेले केस, शेवटी त्याला शेरीलचं नावही आठवत नव्हतं. "मला तसं नकोय," म्हणालीस.

"तीन महिने जास्त मिळतील. चार कदाचित."

"कसले महिने? मोजू नकोस गं, कसले आहेत ते बघ."

"भित्री आहेस तू," मी म्हणाले. "कोर्टवर एवढी माजायचीस आणि आता पळतेस."

तू माझ्याकडे बघितलंस. रागावली नाहीस. "आणि तू हावरी आहेस," म्हणालीस. "तुला मी हवी आहे. कशीही चालेल."

मी दार आपटून माझ्या खोलीत गेले. तू बरोबर बोलली होतीस म्हणून.

जानेवारीत हॉटेलच्या लाँड्रीत तू पडलीस. तुझ्या हाताखालची नेपाळी मुलगी तुला टॅक्सीत घालून घरी घेऊन आली. ती गेल्यावर तू सोफ्यावर पडून म्हणालीस, "काही नाही, जेवले नव्हते. शुक्रवारच्या मॅचला चार दिवस आहेत, होईन ठीक." आणि तुला झोप लागली. मी समोर बसले होते. तुझा एक पाय चादरीबाहेर होता. घोटा इतका बारीक झाला होता की मोजा घसरून खाली आला होता. मी तो वर ओढला आणि तो परत खाली आला. पुन्हा ओढला, पुन्हा आला.

मी बाल्कनीत गेले आणि शेरीलला फोन लावला.

मला भीती वाटली, एवढंच त्याचं कारण. मी नंतर स्वतःला बरीच कारणं दिली. ती तुझी मुलगी आहे, तिचा हक्क आहे, उद्या काही झालं तर ती मला विचारेल. यातलं काही त्या क्षणी डोक्यात नव्हतं. तो मोजा खाली येत होता आणि मी एकटी होते. मला कुणीतरी मोठं हवं होतं. छप्पन्नाव्या वर्षी मी एकतीस वर्षांच्या पोरीला फोन केला, कुणीतरी मोठं हवं म्हणून.

ती म्हणाली, "सिन्स व्हेन?" मी सांगितलं. "नोव्हेंबर? आंटी, नोव्हेंबर?" मग रडायला लागली, आणि रडतानाच तिकीट शोधत होती, मला कीबोर्डचा आवाज येत होता.

ती तिसऱ्या दिवशी आली. तुला मी सांगितलं नव्हतं. तू दार उघडलंस, तिला बघितलंस, तिला मिठीत घेतलंस. तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिलीस, "उगी, उगी बाळा," म्हणत राहिलीस. आणि तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलंस. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. तू दमल्यासारखी दिसलीस.

मग सगळं भराभर झालं. शेरीलने हॉटेलशी बोलून तुझा राजीनामा दिला, व्हिसा रद्द करायचे कागद केले, मुंबईत डॉक्टरची वेळ घेतली. तीही माझ्यासारखीच वाचत होती, तिलाही महिने हवे होते. तू प्रत्येक कागदावर सही केलीस. तिला एकदाही नाही म्हणाली नाहीस. मला नाही म्हणू शकत होतीस. तिला नाही म्हणता येणार नव्हतं, म्हणूनच तर एप्रिलपर्यंत थांबायचं होतं तुला. हे मला तेव्हा कळलं. सह्या करताना तू कागद वाचतही नव्हतीस, ते बघून कळलं.

ज्या दिवशी गेलीस तोही शुक्रवारच होता, त्याच्या पुढचा. शेरील खाली टॅक्सीत सामान ठेवत होती. तू चप्पल घालत होतीस, वाकता येत नव्हतं, मी खाली बसून पट्टा लावून दिला. तेव्हा बोललीस.

"एकदा विचारायचं होतंस."

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो," म्हणालीस. "म्हणूनच विचारायचं होतं."

मी अजून खालीच बसले होते. तू भिंतीला धरून लिफ्टकडे गेलीस. मी मागून आले नाही. मला वाटलं, फोन करीन. फोनवर नीट बोलू.

तू माझे फोन घेतले नाहीस. शेरील घ्यायची. ममा झोपलीय, ममा टेस्टला गेलीय, ममाला बरं नाही. मग मी तुला लिहायला लागले. माफी मागायला तीन वेळा सुरुवात केली आणि पुसली. शेवटी मॅचबद्दलच लिहिलं, कारण तेवढंच मला येत होतं. एकटी जात होते. कोण खेळलं, कोण चुकलं, कुठे हरलो. तू वाचत होतीस, निळ्या खुणा दिसायच्या. उत्तर यायचं नाही. एकदा मी लिहिलं की इस्तंबूलच्या संघाने शेवटच्या मिनिटात एकाच चालीने तीनदा आपल्याला फोडलं आणि आपली पोरं बघत राहिली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात, दुपारी, तुझा मेसेज आला.

"माणसांची अदलाबदल करायला हवी होती डिफेन्समध्ये. पहिल्याच वेळी."

मी तो किती वेळा वाचला असेल. शेजारच्या टेबलवरची फिलिपिनो मुलगी विचारत होती, मॅडम, गुड न्यूज? मी हो म्हणाले. मी तुला लगेच लांबलचक लिहिलं. सगळं लिहिलं, मोज्यापासून. तू माझ्याशी बोल, शिव्या दे, काहीही कर, असं लिहिलं. तू वाचलंस. त्यानंतर तुझा एकही मेसेज आला नाही. मी फक्त खेळाबद्दल लिहीत राहिले असते तर आली असती का गं उत्तरं? असं मला वाटत राहतं. तू तेवढं एक दार उघडं ठेवलं होतंस, आणि मी त्यातून सगळं सामान आत ढकललं.

केमो दोनदा दिली. दुसऱ्यानंतर तुझं शरीर नाही म्हणालं. डॉक्टरांनी थांबवली. मग घरी आणलं. मग सकाळी तो मेसेज.

परवा शेरील आली होती. कॅनडाला परत जाता जाता इथे दोन दिवस थांबली, तुझं बँकेचं काम होतं आणि कपाट रिकामं करायचं होतं. मी चहा केला. तिने तुझे युनिफॉर्म घडी घालून पिशवीत भरले, कुणाला तरी देऊन टाका म्हणाली. साड्या दोनच होत्या, त्या घेतल्या. काम करताना ती तुझ्यासारखीच ओठ आत ओढते. मी तिच्याकडे बघू शकत नव्हते आणि दुसरीकडेही बघवत नव्हतं.

मग ती माझ्यासमोर येऊन बसली आणि तिने माझे दोन्ही हात धरले.

"आंटी, आय वॉन्ट टू थँक यू," म्हणाली. "तुम्ही फोन केला नसता तर मला काहीच मिळालं नसतं. आय गॉट नाईन वीक्स विथ हर. मी रोज तिचे केस विंचरले. शी टोल्ड मी सो मच, डॅडबद्दल, नानीबद्दल. पहिल्यांदाच एवढं बोलली माझ्याशी. ते मला तुमच्यामुळे मिळालं."

मी काय म्हणणार होते, मार्था? नऊ आठवडे. ती खरंच कृतज्ञ होती. तिच्या तोंडावर तू गेल्याचं दुःख होतं आणि त्याच्या खाली काहीतरी शांत होतं, जे माझ्या वाट्याला येणार नाही. तिला ते मिळालं याचा मला आनंद व्हायला हवा. मी स्वतःला चाचपून बघितलं, थोडा झाला असेलही. पण ते आठवडे तुझे होते. ते कसे घालवायचे ते तू कूलरपाशी उभी राहून मला नीट सांगितलं होतंस, पाण्याचा पेला हातात धरून. तू खेळ बघणार होतीस, कामावर जाणार होतीस, आणि शेवटी स्वतः, तुझ्या वेळेला, तिला समोर बसवून सांगणार होतीस. मी ते घेतले आणि तिला दिले. तिला मिळाले म्हणून तुझे गेले नाहीत असं होत नाही.

मी तिला हे काही बोलले नाही. तिचं आहे ते तिच्याकडे राहू दे.

पण एक विचारलं. विचारायचं नाही असं मी सकाळपासून ठरवलं होतं. ती उठून पिशवीची चेन लावत होती, टॅक्सी खाली आली होती, आणि माझ्या तोंडून गेलंच.

"माझ्याबद्दल काही म्हणाली का गं ती? शेवटी?"

तिचे हात थांबले. तिने वर बघितलं. तिला खोटं बोलता येत नाही, तुझीच मुलगी आहे. तिने काय सांगावं ते शोधलं, मला ते शोधताना दिसत होतं, आणि मग ती जवळ आली आणि माझ्या गालाला हात लावला.

"शी वॉज व्हेरी टायर्ड, आंटी," म्हणाली.

"हो," मी म्हणाले. "दमली असेल."

आणि मी पिशवी उचलून तिला लिफ्टपर्यंत सोडायला गेले.